मोडी वाचता येतं, पण देवनागरीत लिहिता येत नाही! – शाळेचा व्हिडिओ सर्व्हर आणि ग्राफिक्स कार्डाची निवड



आजचा विषय जरा वेगळा आहे. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेम खेळणारी मुलं येतात. शाळेचा आणि त्याचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण गेल्या वर्षी आमच्या शाळेत याच कार्डापायी बारा-पंधरा मुलांचा अभ्यास आठवडाभर अडला, आणि लोकवर्गणीचे वीस हजार रुपये विनाकारण जाता जाता वाचले. म्हणून हे लिहायला बसलो. तंत्रज्ञानाची भीती वाटत असेल तरी शेवटपर्यंत वाचा, कारण मला जे म्हणायचं आहे ते कार्डापेक्षा आपल्या सवयीबद्दल जास्त आहे. आपण शाळेसाठी वस्तू घेतो, पण कोणतं काम कोणत्या वस्तूकडे द्यायचं हे ठरवत नाही.

हा सर्व्हर आम्हाला का लागला?

आमची शाळा ऊसतोडणीला जाणाऱ्या गावातली. दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, आणि वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं गावात राहतात, काही आजी-आजोबांकडे थांबतात. तरी दरवर्षी काही मुलं आईवडिलांबरोबर जातातच. ती परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. मधल्या काळातला अपूर्णांक, समीकरणं, प्रकाशाचं परावर्तन हे सगळं त्यांच्याशिवाय होऊन गेलेलं असतं.

यावर आम्ही एक साधा उपाय केला. वर्गात शिकवतानाच मोबाईल स्टँडवर लावायचा आणि पाठ रेकॉर्ड करायचा. मूल परत आलं की रोज दुपारी तासभर संगणक कक्षात बसून चुकलेले पाठ बघेल, आणि अडलं तर विचारेल. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षाचे व्हिडिओ मिळतात, तेही चांगले आहेत. पण आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही. शिवाय आपल्याच बाईंच्या आवाजातला, आपल्याच फळ्यावरचा पाठ मुलांना जवळचा वाटतो.

एवढे व्हिडिओ ठेवायचे कुठे? एका कार्यालयातून काढलेला संगणक मिळाला. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर होता. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून तो त्यांनी काढून टाकलेला. आम्ही त्यावर लिनक्स टाकलं आणि जेलीफिन नावाचा मोफत, मुक्तस्रोत मीडिया सर्व्हर बसवला. वायफाय राउटर होताच. आता शाळेतला कोणताही संगणक किंवा टॅब्लेट ब्राउझर उघडून ते पाठ बघू शकतो, इंटरनेट नसलं तरी. डिसेंबरपासून दोन-तीन मुलं त्यावर आरामात बघत होती. सगळं ठीक चाललं होतं.

ट्रान्सकोडिंग म्हणजे काय?

हे समजलं नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून थोडं थांबतो.

समजा, तुमच्या पणजोबांच्या जमिनीचा एक कागद पेटीत सापडला, आणि तो मोडीत आहे. मोडी भरभर लिहिता यावी अशी लिपी. पण आज ती वाचणारे किती? तुम्ही मोडी जाणणाऱ्याकडे जाता. तो कागद वाचतो आणि तोच मजकूर देवनागरीत लिहून देतो. मजकूर तोच राहतो, फक्त लिपी बदलते.

व्हिडिओचंही असंच आहे. हल्लीचे बरेच मोबाईल जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या पद्धतीत साठवतात. हे मानक २०१३ सालचं. त्याआधीचं, २००३ सालचं एच.२६४ जवळपास प्रत्येक यंत्राला वाचता येतं. नव्या पद्धतीत त्याच दर्जाच्या चित्राला साधारण निम्मी जागा पुरते, पण आमच्या कक्षातल्या जुन्या संगणकांच्या ब्राउझरला ती वाचताच येत नाही. मग सर्व्हर काय करतो? मूळ व्हिडिओ उलगडून वाचतो आणि त्याच क्षणी एच.२६४ मध्ये पुन्हा लिहून पाठवतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. वाचण्याच्या भागाला डिकोड आणि लिहिण्याच्या भागाला एन्कोड. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यांच्यातच आहे.

हे काम किती मोठं आहे बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० इतके ठिपके असतात. सेकंदाला ३० चित्रं धरली तर एका सेकंदात सहा कोटींहून जास्त ठिपके वाचायचे आणि परत लिहायचे. तेही एका मुलासाठी. दहा मुलं दहा वेगवेगळे पाठ बघत असतील तर दहा पट. आणि लिहिणारा मागे पडला तर ऐकणारा खोळंबतो. पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र दिसतं ना, तो हाच खोळंबा.

प्रोसेसर हे काम करू शकतो, पण त्यात त्याचा सगळा जीव जातो. म्हणून ग्राफिक्सच्या चिपमध्ये फक्त व्हिडिओ वाचण्या-लिहिण्यासाठी एक वेगळा छोटा भाग दिलेला असतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातच ग्राफिक्स असतं. त्यातल्या या सोयीला क्विक सिंक म्हणतात, ती २०११ पासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांमधल्या लिहिणाऱ्या भागाला एनव्हीएन्क म्हणतात, तो २०१२ पासून आला.

भेट आली आणि सर्व्हर बसला

फेब्रुवारीत आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला. पुण्यात नोकरी करतो. शाळेचा सर्व्हर बघून त्याला फार आनंद झाला. म्हणाला, "सर, आता मुलं परत आली की एकदम दहा-बारा जण बसतील. ह्याला ग्राफिक्स कार्ड पाहिजे." पुढच्या खेपेला तो स्वतःच्या पैशाने एनव्हिडियाचं जीटी १०३० कार्ड घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने बसवून गेला. आम्ही परिपाठाला त्याचा सत्कार केला, गुलाबपुष्प दिलं, फोटो काढला.

मी जेलीफिनच्या सेटिंगमध्ये गेलो. हार्डवेअर ॲक्सिलरेशनच्या यादीत एनव्हिडियाचा एनव्हीएन्क हा पर्याय दिसला. कार्ड एनव्हिडियाचं, पर्यायही एनव्हिडियाचा, म्हणून निवडला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी एकही व्हिडिओ सुरू होईना. सरळ चूक दाखवून बंद. मी घाबरून तो पर्याय काढून टाकला, 'काहीच नको' असं केलं. मग व्हिडिओ सुरू झाले, पण दर पाच-दहा सेकंदांनी अडायला लागले. प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांवर. पंखा असा ओरडायचा की शेजारच्या वर्गातून बाई विचारायला आल्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात टोळीबरोबर गेलेली पहिली मुलं परत आली. सातवीतली एक मुलगी तीन दिवस त्याच पाठासमोर बसली होती, चल आणि अचल राशींचा पाठ. चौथ्या दिवशी म्हणाली, "सर, मी वर्गातच बसते. मला कळत नाही ते नाही कळत, पण निदान थांबावं तरी लागत नाही." मला फार लागलं ते. तिच्या हातात परीक्षेआधीचे मोजके दिवस होते, आणि त्यातले तीन आम्ही त्या फिरत्या चक्राला दिले.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, कार्ड छोटं पडतंय, मोठं गेमिंग कार्ड घ्या, वीस हजारांच्या आसपास जाईल, कदाचित पॉवर सप्लायही बदलावा लागेल. लोकवर्गणी जमली होती, आणि ती खरं तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी होती. ठराव लिहायची वेळ आली. मी म्हटलं, मला दोन दिवस द्या.

दोष कोणाचा निघाला?

दोन दिवसांत जे कळलं ते सांगतो.

एनव्हिडियाने आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता दिलेला आहे. कोणत्या कार्डाला कोणत्या पद्धतीचा व्हिडिओ वाचता येतो आणि कोणत्या पद्धतीत लिहिता येतो, हे त्यात रांगेने मांडलेलं आहे. त्यात जीटी १०३० च्या ओळीत वाचण्याच्या रकान्यात होकार आहे. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ सगळं त्याला वाचता येतं. लिहिण्याच्या रकान्यात मात्र नकार. त्या कार्डात एन्कोड करणारा भागच नाही! त्याच पिढीतल्या जीटीएक्स १०५० मध्ये तो आहे, यात नाही. म्हणजे आमचा पाहुणा मोडी अस्खलित वाचत होता, पण त्याला देवनागरीत लिहिता येत नव्हतं. आणि मी त्याला लिहायला बसवलं होतं.

यात कार्डाची काही चूक नाही. ते संगणकाला पडदा जोडण्यासाठी, घरी सिनेमा बघण्यासाठी बनवलेलं साधं, कमी वीज खाणारं कार्ड आहे. ते काम ते नीट करतं. तक्ता न वाचता त्याला भलतं काम दिलं ते आम्ही.

पण दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी कपाळावर हात मारला. कार्ड येण्याआधी सगळं सुरळीत कसं चाललं होतं? कारण प्रोसेसरच्या पोटातलं इंटेलचं ग्राफिक्स ते काम गुपचूप करत होतं. सर्व्हर बसवताना तो पर्याय निवडला होता आणि मी विसरून गेलो होतो. सातव्या पिढीच्या त्या चिपला एचईव्हीसी वाचता येतं, अगदी १०-बिटचंसुद्धा, आणि एच.२६४ लिहिताही येतं. मग कार्ड बसवल्यावर ते गेलं कुठे? अनेक मदरबोर्डांची सवय अशी असते की बाहेरचं कार्ड बसवलं की पोटातलं ग्राफिक्स आपोआप बंद करायचं. नवा पाहुणा आला म्हणून घरातल्या कर्त्या माणसाला झोपायला पाठवलं, असं झालं.

काम कसं वाटून दिलं?

आम्ही केलेल्या पायऱ्या क्रमाने देतो. ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे त्यांना उपयोगी पडतील.

१) आधी झोपलेल्याला उठवलं. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन पोटातलं ग्राफिक्स कायम चालू ठेवण्याचा पर्याय निवडला. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ग्राफिक्स किंवा डिस्प्ले या विभागात शोधा.

२) मग हजेरी घेतली. लिनक्समध्ये प्रत्येक ग्राफिक्स चिपला एक क्रमांक मिळतो. रेंडर डी १२८ पासून सुरुवात, दुसरी चिप असेल तर १२९. आमच्याकडे १२८ एनव्हिडिया निघालं आणि १२९ इंटेल. इथे एक खबरदारी घ्या. हे क्रमांक हजेरीपटासारखे कायमचे नसतात, कार्ड काढलं-घातलं की बदलू शकतात. म्हणून क्रमांकावरून ओळखू नका, पत्त्यावरून ओळखा. इंटेलच्या पोटातल्या ग्राफिक्सचा पत्ता साधारणपणे ००:०२.० असाच असतो. त्या पत्त्यासमोर जो क्रमांक दिसेल तो आपला. विंडोजवर सर्व्हर असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे वेगळे आलेख नावासकट दिसतात.

३) आता नेमणूक. जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, त्यात ट्रान्सकोडिंग. हार्डवेअर ॲक्सिलरेशनमध्ये इंटेल क्विक सिंक निवडलं, आणि खाली उपकरणाच्या रकान्यात १२९ चा पूर्ण मार्ग लिहिला. दोन चिपा असताना हा रकाना रिकामा सोडू नका. कोणाचं नाव न घेता "कोणीतरी फळा पुसा" म्हटलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

४) त्याखाली पद्धतींची यादी येते, त्यातल्या जमणाऱ्यांवरच खूण केली. सगळ्यांवर खूण करायचा मोह होतो. पण एव्ही१ ही २०१८ सालची पद्धत आमच्या सातव्या पिढीच्या चिपला वाचता येत नाही. तिथे खूण केली असती तर तसा व्हिडिओ आला की पुन्हा अडलं असतं.

५) शेवटी तपासणी. व्हिडिओ लावला आणि सर्व्हरची नोंदवही उघडली. त्यात एच२६४ क्यूएसव्ही असा शब्द दिसला तर इंटेल चिप लिहिते आहे. लिबएक्स२६४ दिसला तर सगळा भार अजून प्रोसेसरवरच आहे, नेमणूक लागू झालेली नाही. आमच्याकडे पहिल्या वेळेला दुसराच शब्द दिसला, कारण सर्व्हरच्या खात्याला ती चिप वापरायची परवानगीच नव्हती. ती दिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि शब्द बदलला.

त्या दुपारी अकरा मुलं एकदम बसवली. प्रत्येकाचा पाठ वेगळा. कुठेही चक्र फिरलं नाही. पंख्याचा आवाज पहिल्यासारखा मंद.

आठ-दहा दिवसांनी वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि क्रमांकांची अदलाबदल झाली, पुन्हा व्हिडिओ अडले. पण या वेळी काय बघायचं ते माहीत होतं. पाच मिनिटांत मार्ग दुरुस्त केला. त्यानंतर मात्र मी ठरवलं, ज्याला इथे काम नाही त्याला इथे ठेवायचंच कशाला? जीटी १०३० काढलं आणि सभागृहातल्या जुन्या संगणकात बसवलं. त्या संगणकाला एचडीएमआयची जोडणी नव्हती, त्यामुळे नवा प्रोजेक्टर नीट जोडता येत नव्हता. आता जोडला जातो. मोबाईलवर काढलेले व्हिडिओ तिथे मोठ्या पडद्यावर सरळ चालतात. तिथे फक्त वाचायचं असतं, आणि वाचायला ते कार्ड पटाईत आहे.

माझं मत

पालकहो आणि शिक्षक मित्रांनो, आता खरं बोलायचं ते बोलतो.

शाळेत संगणकाची वस्तू आणताना आपण तीन गोष्टी बघतो: किंमत, कंपनी आणि खोक्यावरचा आकडा. यातली एकही गोष्ट आमच्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हती. गेमसाठी लागणारी ताकद वेगळी आणि व्हिडिओ लिहिणारा भाग वेगळा, चिपमध्ये त्यांची जागाच वेगळी असते. म्हणून महागडं कार्ड म्हणजे चांगलं ट्रान्सकोडिंग हा हिशोब चुकीचा आहे. आमचे वीस हजार गेले असते आणि चक्र फिरायचं थांबलंही असतं कदाचित. पण फुकटात हातात असलेली चिप झोपूनच राहिली असती, आणि आम्ही छाती फुगवून सांगितलं असतं की बघा, मोठं कार्ड घेतलं म्हणून जमलं. ही चूक कधीच पकडली गेली नसती. मला जास्त भीती अशाच चुकांची वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की शाळेत अशा खरेदीच्या ठरावाआधी तीन प्रश्न लेखी विचारले जावेत. एक, नेमकं कोणतं काम अडलं आहे? "व्हिडिओ चालत नाही" हे उत्तर नव्हे. वाचताना अडतंय, लिहिताना अडतंय, की वायफायच कमी पडतंय? दोन, हे काम करू शकणारं काही आपल्याकडे आधीपासून आहे का, आणि ते चालू आहे का? तीन, जे आणणार आहोत त्याला ते काम येतं असं बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात लिहिलं आहे का? दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नाही, तक्त्यात.

नवा संगणक घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असतं, त्यात पोटातलं ग्राफिक्स नसतं. ते थोडे स्वस्त मिळतात आणि सोबत एखादं छोटं कार्ड जोडून दिलं जातं. बाकी कामांना ते ठीक असेल, पण व्हिडिओ सर्व्हर करायचा असेल तर त्या अक्षराकडे नक्की बघा. आणि सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचंही बघा. प्लेक्ससारख्या काही मीडिया सर्व्हरांत ग्राफिक्स चिपकडून ट्रान्सकोडिंग करून घेण्यासाठी पैसे भरून सदस्यत्व घ्यावं लागतं. जेलीफिनमध्ये ते मोफत आहे.

"हे शिक्षकाचं काम आहे का?"

हा प्रश्न आमच्याच एका सहकारी मॅडमनी विचारला, आणि तो चुकीचा नाही. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं शिक्षकाच्याच डोक्यावर. त्यात आता ग्राफिक्स कार्डही? मॅडम म्हणाल्या, "सर, त्या दोन दिवसांत तुमचे किती तास बुडाले ते पण लिहा." लिहितो. चार तास बुडाले.

म्हणून प्रत्येक शिक्षकाने बायोस उघडावं असं मी म्हणत नाही. ज्याला येतं त्याने करावं, नाहीतर जाणकाराला बोलवावं. पण प्रश्न विचारणं हे आपलंच काम आहे, कारण मुलांचं काय अडलं आहे हे दुकानदाराला माहीत नसतं, आपल्याला असतं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अनेक शाळांना या सगळ्याची गरजच नाही. तुमच्याकडे पन्नास-साठ व्हिडिओ असतील तर ते एकदाच, रात्रभर संगणक चालू ठेवून, हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एच.२६४ मध्ये करून ठेवा. घाई नसल्यामुळे हे काम प्रोसेसरने संथपणे केलेलं चालतं, उलट तेवढ्याच आकाराच्या फाईलमध्ये चित्र बहुधा जास्त चांगलं येतं. मग सर्व्हरला लिप्यंतर करावंच लागत नाही, फाईल जशीच्या तशी पाठवली की झालं. आम्हीही जुने पाठ आता असेच करून ठेवतो आहोत. रोज नवे व्हिडिओ येत असतील, ते निरनिराळ्या मोबाईलवरचे असतील आणि बघणारी यंत्रंही निरनिराळी असतील, तरच चिपच्या नेमणुकीचा विचार करा. त्याहून सोपं म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच एच.२६४ निवडता येत असेल तर ते निवडा. मूळ कागदच देवनागरीत लिहिला तर लिप्यंतर करणारा शोधावा लागत नाही.

शेवटी

त्या माजी विद्यार्थ्याला फोन करायचा मला फार संकोच वाटत होता. त्याने मनापासून दिलेली भेट आम्ही जागेवरून हलवली होती. शेवटी केला फोन आणि सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "सर, मी बजेट बघितलं आणि नाव बघितलं. तुम्ही आम्हाला गणितात आधी 'दिलेली माहिती' लिहायला लावायचात, तेवढंच राहिलं." मी म्हटलं, "अरे, माझंही तेच राहिलं होतं." नंतर त्यानेच प्रोजेक्टरसाठी लांब केबल पाठवून दिली.

लोकवर्गणीतून पाण्याची टाकी झाली. ती सातवीतली मुलगी परीक्षेआधी सतरा पाठ बघून गेली. किती गुण मिळाले ते महत्त्वाचं आहेच, पण मला जास्त आठवतं ते हे की शेवटच्या आठवड्यात ती व्हिडिओ स्वतःच थांबवून माझ्याकडे शंका विचारायला यायची. आधी व्हिडिओ तिला थांबवत होता, आता ती व्हिडिओला थांबवत होती.

तुमच्या शाळेत असा एखादा संगणक, कार्ड किंवा प्रोजेक्टर चुकीच्या जागी बसून असेल, किंवा चांगलं काम करू शकणारी वस्तू कपाटात बंद असेल, तर या सुट्टीत एकदा हजेरी घेऊन बघा. पालकांनीही समितीच्या बैठकीत वरचे तीन प्रश्न जरूर विचारावेत. प्रश्न विचारले म्हणून शिक्षकांना राग येणार नाही. आला तर त्यांना हा लेख वाचायला द्या.